कृष्णाकाठी समुद्राचा कायदा

साताऱ्याच्या एमआयडीसीत परदेशातून आलेली यंत्राची पेटी उघडली जाते आणि आतल्या पोलादावर तांबूस गंज दिसतो. पेटीचे लाकूड अजून ओलसर आहे. कारखान्याचा स्टोअर्स ऑफिसर, वाहतूकदाराचा माणूस आणि कस्टम्सचे काम पाहणारा एजंट भोवती उभे असतात. सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : हे पाणी कुठले? अशा वेळी विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर बॅगेतून एक छोटी, गडद काचेची बाटली काढतो. तिच्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण असते. उजेडाने ते बिघडते, म्हणून काच गडद. ओल्या लाकडावर त्याचे दोन-चार थेंब पडले आणि तिथे दुधासारखा पांढरा साका धरला, तर त्या ओलीत मीठ आहे. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड चांदीला भेटले की सिल्व्हर क्लोराइड तयार होते, तोच हा साका. थेंब नितळ राहिला तर पाणी पावसाचे किंवा नळाचे. या एकट्या चाचणीवर निकाल दिला जात नाही, नमुना प्रयोगशाळेतही जातो. पण शोधाची दिशा त्या थेंबाने ठरते. खारे पाणी निघाले तर जहाजाकडे आणि बंदराकडे पाहायचे, गोडे निघाले तर ट्रकच्या ताडपत्रीकडे.

न्हावा-शेवा बंदर साताऱ्याहून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि सांगलीहून आणखी शंभरेक किलोमीटर लांब. तरीही सागरी विम्याचे दावे तपासणे हे या दोन जिल्ह्यांतले नित्याचे काम आहे. व्यापारी त्याला नुसते 'मरीन' म्हणतात. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते, पण कारण कायद्यातच आहे. भारतीय विमा कायद्याने 'सागरी विमा व्यवसाय' या शब्दांची जी व्याख्या केली, तिच्यात जमिनीवरून होणारी मालवाहतूकही बसते. त्यामुळे तासगावहून दिल्लीला निघालेला बेदाण्याचा ट्रक वाटेत समुद्राचे तोंडही पाहत नाही, तरी त्याची पॉलिसी मरीन खात्याचीच असते. आणि त्या ट्रकचे नुकसान तपासणारा माणूस जी तत्त्वे लावतो, ती शतकानुशतके जहाजांवर घासूनपुसून तयार झालेली असतात.

ही तत्त्वे सगळी परदेशातून आली असा समज आहे, तो बरोबर नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत कर्जाच्या व्याजाचे दर दिले आहेत. अरण्यातून व्यापार करणाऱ्याने महिन्याला शेकडा 10 द्यावेत, समुद्रावर जाणाऱ्याने शेकडा 20. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली. त्याने या चढ्या दरांचे कारण सांगितले ते असे की, अशा वाटेवर जीव आणि धन दोन्ही जाण्याची शंका असते. व्याजाच्या दरात धोक्याची किंमत मिसळणे म्हणजे विम्याच्या हप्त्याचे बीजच. पुढच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर जोखमी हुंडी चालू लागली. मालाच्या भरवशावर काढलेली ही हुंडी माल सुखरूप पोचला तरच वठायची. गलबत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. आणि घाटमाथ्यावर होता हुंडेकरी. ठरावीक ठोक रकमेत माल नेणे, वाटेतली जकात भरणे आणि मुक्कामी पोचवणे हे सगळे तो अंगावर घेई. या ठोक व्यवहाराला हुंडाभाडे म्हणत. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या वाशिष्ठीपर्यंत माल न्यायचा आणि तिथून होडी-गलबतात चढवायचा, ही या मुलखाची जुनी वाट. 'विमा' हा शब्द फारसीतल्या 'बीम' म्हणजे भीती या शब्दापासून आला. कुंभार्लीची उतरण पाहिलेल्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आज हे काम करणाऱ्याला 'सर्व्हेअर अँड लॉस असेसर' म्हणतात. तो विमा कंपनीचा नोकर नसतो. विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना घेऊन तो स्वतंत्र व्यवसाय करतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, अनुभवी सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि मरीन कार्गो, आग, मोटार, अभियांत्रिकी अशा शाखा वेगवेगळ्या मिळवाव्या लागतात. 1938 च्या विमा कायद्यात 1968 साली दुरुस्ती झाली आणि ठरावीक रकमेच्या वरचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय चुकता करता येणार नाही, असे कलम आले. ती मर्यादा दीर्घकाळ 20,000 रुपये होती, नंतर वाढली. त्याचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले. सबळ पुरावा असेल तर विमेदार तो खोडून काढू शकतो. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. पैसे कंपनी देते, नुकसान व्यापाऱ्याचे झालेले असते, आणि दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाने फक्त मालाशी इमान राखायचे असते.

या दोन जिल्ह्यांतल्या मालवाहतुकीची नस म्हणजे खंबाटकी घाट. साताऱ्याकडून पुण्याला जाणारी वाहने बोगद्यातून बाहेर पडतात आणि उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखे वळण येते. तिथे ब्रेक तापलेल्या अवजड गाड्यांना अनेकदा अपघात झाले आहेत. समजा, बेदाण्याचे बॉक्स भरलेला ट्रक तिथे उलटला. सर्व्हेअरला फोन गेला की तो शक्यतो त्याच दिवशी जागेवर पोचतो, कारण घाटातला पुरावा टिकत नाही. रस्ता मोकळा करायला क्रेन येते, खोकी बाजूला ढकलली जातात, फुटलेला माल पायाखाली जातो. आधी तो मोजतो. किती खोकी शाबूत, किती फुटली, किती कमी. मग बिल्टी, बीजक आणि वजनकाट्याची पावती यांच्याशी आकडे ताडून पाहतो. चालकाचा परवाना आणि गाडीची कागदपत्रे पाहतो. त्यानंतर मालाची प्रतवारी होते : जसाच्या तसा विकता येईल तो वेगळा, धुऊन-निवडून विकता येईल तो वेगळा, आणि डिझेल लागलेला किंवा काचांचा चुरा मिसळलेला बेदाणा कोणत्याही भावात खाण्यासाठी विकायचा नाही.

नुकसानीचा हिशेब इथे सुरू होतो आणि तो वाटतो तितका साधा नसतो. सागरी विम्याची पद्धत अशी की, चांगल्या मालाचा मुक्कामाच्या बाजारात जो भाव आला असता तो एका बाजूला घ्यायचा आणि खराब मालाला तिथे प्रत्यक्ष जो भाव मिळतो तो दुसऱ्या बाजूला. शंभराचा माल साठाला गेला तर नुकसान 40 टक्के. हे 40 टक्के विम्याच्या ठरलेल्या रकमेला लावायचे. बाजार मधल्या काळात चढला किंवा पडला तरी टक्केवारी ढळत नाही, कारण दोन्ही भाव एकाच दिवसाचे, एकाच पेठेचे असतात. भावाचा चढउतार हा व्यापाराचा धोका आणि मालाची नासाडी हा वाटेचा धोका. या दोहोंना इतक्या साध्या भागाकाराने वेगळे करणाऱ्या अज्ञात हिशेबनिसांना मी मनोमन नमस्कार करतो.

आता द्राक्षांकडे येऊ, कारण तिथे हे शास्त्र खरे कसाला लागते. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर या पट्ट्यातून निर्यातीची द्राक्षे थंड कंटेनरने न्हावा-शेव्याला आणि तिथून युरोपला जातात. जहाजावरचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. थंड कंटेनर फळाला गार करत नाही, गार असलेले फळ गार ठेवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून प्रीकूलिंग आधी झालेले असावे लागते. रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर मणीगळ दिसली, देठ तपकिरी पडलेले दिसले, बुरशी आली असली, तर तिथला सर्व्हेअर सर्वांत आधी खोक्यांत ठेवलेला डेटा लॉगर शोधतो. पेनएवढे ते यंत्र प्रवासभर तापमान टिपत आलेले असते. आलेख पहिल्या दिवसापासूनच उंच असेल, तर फळ गरम असताना भरले गेले; दोष पॅकहाऊसचा. मध्येच एका ठिकाणी आलेखाने उसळी घेतली असेल, तर यंत्रणा बंद पडली. मग घाटातला जनरेटर, बंदरातला प्लग की जहाज, हे तारीख आणि तास सांगतात. आलेख सपाट आहे आणि तरी फळ नासले, तर दोष बागेपासून आलेला असण्याची शक्यता मोठी.

आणि आलेख सपाट, फळ उत्तम भरलेले, पण जहाजच उशिरा पोचले तर? इथे कायदा कठोर आहे. भारताच्या 1963 च्या सागरी विमा कायद्याचे कलम 55 सांगते की, उशिरामुळे झालेल्या नुकसानीस विमा कंपनी जबाबदार नाही, उशीर विम्यात धरलेल्या संकटामुळे झाला असला तरीसुद्धा. पॉलिसीत वेगळे लिहून घेतले असेल तरच अपवाद. ब्रिटनच्या 1906 च्या कायद्यातही हेच आहे, आणि त्यामागे 1890 चा एक खटला आहे. संत्री आणि लिंबे घेऊन निघालेल्या जहाजाची टक्कर झाली. दुरुस्तीसाठी माल उतरवावा लागला, पुन्हा चढवावा लागला, वेळ गेला, फळे नासली. टक्कर विम्यात होती. तरी न्यायालयाने ठरवले की फळे नासली ती हाताळणीने आणि विलंबाने, टकरीने नव्हे. 23 मार्च 2021 रोजी एव्हर गिव्हन हे 400 मीटर लांबीचे जहाज सुवेझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाची वाहतूक तुंबली, तेव्हा आपल्याकडचा द्राक्ष हंगाम संपलेला नव्हता. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. कवठे एकंदच्या बागायतदाराने केप ऑफ गुड होपचे नाव शाळेच्या भूगोलात ऐकलेले असते. त्या हंगामात ते त्याच्या फळाच्या आयुष्यातून दोन आठवडे वजा करून गेले.

2010 सालची आठवण द्राक्षपट्ट्यात अजून ताजी आहे. भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे, म्हणजे सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपात माल नाकारला गेला. विमा काय करेल, असा प्रश्न साहजिक होता. पण साधी मरीन पॉलिसी वाटेत बाहेरून कोसळलेल्या संकटाची असते. फळावर किंवा फळात निघण्याआधीच जे आहे, ते वाटेत घडलेले नाही. नाकारलेल्या मालाचा विमा वेगळा असतो आणि तो वेगळाच घ्यावा लागतो. ज्यांचे कंटेनर परत फिरले त्यांचे दुःख खरे होते. पण या एका भेदाची माहिती हंगामाआधी गावोगाव पोचायला हवी होती, असे मला आजही वाटते.

हळदीची गोष्ट निराळी. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या दोन वर्षे आधी बेदाण्याला. हळकुंड वाळवलेले असले तरी त्यात दहा टक्क्यांच्या आसपास ओल राहते. उष्ण हवेत भरलेला कंटेनर थंड समुद्रावर गेला की त्याचे पोलादी छत आधी गार होते. आतल्या हवेतली वाफ छताला दव होऊन चिकटते आणि थेंब थेंब पोत्यांवर गळते. बाहेरून पाण्याचा टिपूसही आलेला नसतो, आणि वरच्या थरातली पोती बुरशीने काळवंडलेली असतात. सर्व्हेअर कंटेनरमध्ये स्वतः शिरतो, दार बंद करायला सांगतो आणि अंधारात उभा राहतो. पत्र्याला छिद्र असेल तर उजेडाची सुई आत येते. उजेड आला नाही, डाग फक्त छताखालच्या पोत्यांवर आहेत आणि सिल्व्हर नायट्रेटलाही साका धरला नाही, तर मग माल भरताना किती ओला होता, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या होत्या का, हे प्रश्न येतात. मालाचा अंगचा दोष कायद्याने विम्याबाहेर ठेवला आहे. उंदीर-घुशींनी केलेले नुकसानही बाहेर.

उंदरांवरून 1887 चा एक खटला सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ब्रह्मदेशातल्या अक्याबहून तांदूळ घेऊन जहाज युरोपला निघाले. वाटेत उंदरांनी शिशाची नळी कुरतडली, तिच्यातून समुद्राचे पाणी आत आले आणि तांदूळ भिजला. नुकसान उंदरांचे की समुद्राचे? खटला विम्याचा नव्हता, भाडेकराराचा होता, पण प्रश्न तोच. हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले : समुद्राचे. उंदरांनी तांदूळ खाल्ला असता तर गोष्ट वेगळी. इथे तांदूळ नासला तो जहाजात शिरलेल्या समुद्राने. कारणांच्या साखळीतली कोणती कडी खरी, हे शोधणे म्हणजेच या व्यवसायाचा गाभा. शेवटची कडी खरी असेलच असे नाही. पहिल्या महायुद्धात पाणतीराने फोडलेले इकारिया हे जहाज ल हाव्र बंदरात आणले गेले आणि तिथे भरती-ओहोटीत टेकून-उचलून त्याचा कणा मोडला, तेव्हा 1918 मध्ये न्यायालयाने बुडण्याचे कारण पाणतीरच मानले. जे कारण काळाने जवळचे ते नव्हे, तर ज्याचा जोर अखेरपर्यंत पुरला ते.

या सगळ्यात मला सर्वांत थोर वाटते ते जनरल ॲव्हरेजचे तत्त्व. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर त्या मालाची भरपाई वाचलेल्या सगळ्यांनी मिळून करायची. रोड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात सहाव्या शतकात नोंदवला गेला. ॲव्हरेज हा शब्दच मुळात अरबी. नुकसान या अर्थाच्या 'अवार'पासून भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांच्या तोंडून तो युरोपात गेला आणि नंतर गणितात शिरला. आज हा हिशेब यॉर्क-अँटवर्प नियमांनी होतो. या दोन शहरांतल्या 1864 आणि 1877 च्या परिषदांवरून त्यांना हे नाव पडले. सांगलीच्या व्यापाऱ्याला तो असा भेटतो : समजा जहाज, माल आणि भाडे मिळून वाचलेली मालमत्ता 200 कोटींची, आणि सर्वांसाठी केलेला त्याग 4 कोटींचा. म्हणजे प्रत्येकाचा वाटा 2 टक्के. ज्याची 40 लाखांची हळद पोत्यालाही धक्का न लागता पोचली, त्याने 80 हजार द्यायचे. हमीपत्र दिल्याशिवाय कंटेनर हाती येत नाही. विमा असेल तर हमी कंपनी देते, नसेल तर व्यापाऱ्याने रोख अनामत भरायची. एव्हर गिव्हनवर सुमारे 18,300 कंटेनर होते आणि मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केले. त्यातल्या प्रत्येक मालधन्याचा वाटा काढणे हे ॲव्हरेज ॲडजस्टर नावाच्या तज्ज्ञाचे काम, आणि ते पुरे व्हायला वर्षे लागतात. जत्रेची वर्गणी घराघरावर बसते तशीच ही, फक्त गाव समुद्रावर वसलेले आणि घरे वेगवेगळ्या देशांतली.

पाण्याचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र समुद्राने नव्हे, कृष्णेने विचारला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. सांगलीची पेठ बुडाली, कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि भरलेले ट्रक जागीच थांबले. थांबलेल्या ट्रकमधला माल प्रवासात आहे की साठ्यात? थांबणे मालधन्याच्या हातातले नसेल तर प्रवास चालूच आहे असे मरीन पॉलिसी मानते. ट्रकात पुराचे पाणी शिरून माल भिजला तर दावा बसतो. तोच माल नुसता उभा राहून नासला तर उशिराचे कलम आडवे येते. आणि गोदामात उतरून ठेवलेला माल आगीच्या पॉलिसीतल्या पूर-कलमाखाली जातो. एकाच पुरात, एकाच व्यापाऱ्याच्या तीन ढिगांना तीन उत्तरे.

हरिपूरच्या पेवांचा विचार यात सारखा मनात येतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या घट्ट मातीत खणलेल्या या खोल खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची, कारण तोंड लिंपले की आत प्राणवायू उरत नसे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. इतके शहाणपण असलेल्या साठवणीला नदीने हरवले. 2005 च्या महापुराने पेवांत पाणी शिरले आणि हळद गोदामांत व शीतगृहांत जाऊ लागली.

शेवटी माल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या वाचकांना चार गोष्टी कळकळीने सांगतो. माल उतरवून घेताना कमी-जास्त, फाटके-ओले जे दिसेल त्याचा शेरा बिल्टीवर लिहूनच सही करा. कोऱ्या सहीचा अर्थ माल नीट मिळाला असा होतो. 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराला लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत गेलीच पाहिजे. ती चुकली तर वाहतूकदाराकडून वसुलीचा विमा कंपनीचा हक्क जातो आणि त्याचा फटका तुमच्या दाव्याला बसू शकतो. कंटेनरचे सील तोडण्याआधी त्याच्या क्रमांकाचा फोटो घ्या. आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेल्या मालाला हात लावायचा नाही, हा समज सोडा. विमा नसता तर तुम्ही जसा माल वाचवला असता तसाच तो वाचवणे हे कायद्याने तुमचे कर्तव्य आहे, आणि त्याचा वाजवी खर्च मागता येतो. फोटो काढा, थोडा नमुना पिशवीत बांधून ठेवा, कंपनीला कळवा आणि उरलेली पोती उन्हात पसरा.